काटा खाली असला तरी इंजिन तापलेलं असू शकतं

हरभऱ्याची पोती भरून जुनी पिकअप चाकूरहून लातूरच्या आडतीकडे निघते. बाहेर चाळीसच्या वर ऊन. ड्रायव्हर म्हणतो, "काटा खालीच आहे, गाडी थंड आहे."

हाच समज सगळ्यांत महागात पडतो. काटा इंजिनचं तापमान थेट मोजत नाही. सेन्सर जसा तापतो तसा त्याचा विजेला होणारा विरोध घटतो, जास्त करंट वाहतो आणि काटा चढतो. म्हणजे वायर तुटली, पिन गंजली किंवा सेन्सरचं अर्थिंग गेलं, तर काटा खालीच राहणार, इंजिन कितीही तापलेलं असो. पाणी गळून सेन्सर उघडा पडला तरी तसंच होऊ शकतं. वर असलेला काटा चालत्या गाडीत एकाएकी खाली आला, तर गाडी बाजूला घ्या. हेड गॅस्केट अशाच वेळी उडतं.

"काटा चुकतोय, सेन्सर बदला," हा दुसरा समज. आधी वायर तपासा. एका वायरीचा जुना सेन्सर असेल तर चावी ऑन करून ती वायर काढा: काटा तळाला गेला पाहिजे. तीच वायर क्षणभर इंजिनच्या उघड्या लोखंडाला टेकवा: काटा वर धावला पाहिजे. दोन्ही झालं, तर मीटर आणि वायर चालू आहेत, संशय सेन्सरवर किंवा त्याच्या अर्थिंगवर. काहीच हललं नाही, तर नवा सेन्सर आणून पैसे वाया जातील. कॉम्प्युटरवर चालणाऱ्या नव्या इंजिनांवर मात्र हा प्रयोग करू नका.

डिझेलचा काटाही सोबत चुकत असेल, तर दोष बहुधा मीटरपाशी: तिथला व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग किंवा अर्थिंग. हेडलाइट लावताच काटा सरकला तर अर्थिंगच पकडा. सेन्सरच्या आट्यांवर जाड टेफ्लॉन टेप गुंडाळण्याची सवयही वाईट, कारण एका वायरीच्या सेन्सरचं अर्थिंग त्या आट्यांतूनच होतं.

सेन्सर काढलाच असेल तर पाण्यात उकळून पाहा. मल्टीमीटरवर विरोध सलग उतरत गेला पाहिजे. लातूरचं पठार साधारण साडेपाचशे मीटर उंच, त्यामुळे इथं पाणी 98 अंशांच्या आसपास उकळतं. त्या तापमानाला आलेला आकडा त्याच मॉडेलच्या नव्या सेन्सरशी ताडून बघा, कारण प्रत्येक कंपनीचे आकडे वेगळे.

"थर्मोस्टॅट काढून टाका, उन्हाळ्यात बरं," हा सल्ला मला अजिबात पटत नाही. साधारण 80 अंशांच्या पुढे उघडणारा हा व्हॉल्व्ह काढला की इंजिन नीट तापत नाही, डिझेल जास्त जातं. काही इंजिनांत तर बायपास उघडा राहून पाणी रेडिएटरला वळसा घालतं. शिवाय व्हॉल्व्ह उघडाच अडकला असेल, तर काटा खाली दिसणं खरंच असतं. व्हॉल्व्हच्या हाउसिंगशेजारी इन्फ्रारेड थर्मामीटर धरला की खरंखोटं बरंच कळतं. फक्त चकचकीत धातूवर तो कमी दाखवतो.

आणि पाणी. रेडिएटरमध्ये बोअरचं क्षारयुक्त पाणी वर्षानुवर्षं ओतलं, की सेन्सरवर पांढरा थर बसतो आणि काटा उशिरा चढतो. तोच थर रेडिएटरच्या नळ्यांतही असतो. अशा गाडीचा काटा वर दिसला तर मीटरला दोष देऊ नका. आधी रेडिएटर साफ करून घ्या आणि पुढे डिस्टिल्ड पाणी व कूलंटच वापरा.