सहाव्या षटकाचा धनी

सेनगाव तालुक्यातल्या साखऱ्यात टेनिस बॉलच्या सामन्यासाठी संघ काढताना कोण चांगलं खेळतो हा प्रश्न दुसरा येतो. पहिला प्रश्न असतो, आज येणार कोण? हिंगोली जिल्ह्यात राने मोकळी होऊन सामने लागतात, त्याच दिवसांत हळद काढायची आणि शिजवायची घाई असते. कुणाच्या मोटारीला रात्रीची लाइट असते. रात्रभर गव्हाला पाणी देऊन तो सकाळी डोळे चोळत येतो, नाहीतर येतच नाही. यष्टिरक्षक कढईपाशी अडकला आणि सलामीवीर माल घेऊन मोंढ्यात गेला, अशी सकाळ इथल्या कप्तानाला नवीन नाही.

अशा सकाळी ज्याच्याकडे सगळे बघतात, त्याच्या नावावर वहीत फारसं काही नसतं. गुणलेखनाला बसणाऱ्या निवृत्त गुरुजींच्या शेजारी जागा मिळाली म्हणून मला ती वही निवांत चाळता आली. या गड्याच्या नावापुढे कुठे आठ धावा, कुठे अकरा, कधी एखादं षटक, कधी एक झेल. षटकार ठोकून मॅन ऑफ द मॅचचा करंडक नेणाऱ्यांत तो कधीच नाही. कप्तानाला विचारलं तर तो म्हणाला, "याला कुठंबी उभा करा, चालतंय. दुसरा आणायचा कुठून?"

कप्तानाच्या या प्रश्नातच खेळाडूचं मोल काढायची खरी रीत आहे. त्याने किती धावा केल्या, एवढं बघून भागत नाही. तो नसता तर त्या जागी कोण उभा राहिला असता आणि त्याने काय केलं असतं, तेही बघायचं. राखीव पोरगा यष्टीमागे उभा राहिला तर बायच्या धावा किती जातात, हे साखऱ्यातल्या कुणालाही विचारा. शिवाय हा गडी संघात असला की राखीव यष्टिरक्षकासाठी जागा अडवून ठेवावी लागत नाही, तिथे एक जास्तीचा बॉलर घेता येतो. त्या बॉलरच्या विकेटा त्याच्याच नावावर लागतात, पण त्याला जागा कुणामुळे मिळाली हे वहीत येत नाही.

पुण्याच्या केदार जाधवची कारकीर्द याच नजरेने बघावी. 73 एकदिवसीय सामने, 1389 धावा, 27 बळी. नुसते आकडे वाचले तर मोठा फलंदाज नाही, मोठा गोलंदाज तर नाहीच. पण हात खाली नेऊन टाकलेली त्याची ती विचित्र फिरकी मधली काही षटकं भरून काढायची आणि संघाला एक फलंदाज जास्त खेळवता यायचा. जानेवारी 2017 मध्ये पुण्यात इंग्लंडविरुद्ध त्याने 76 चेंडूंत 120 धावा ठोकल्या, तो दिवस सगळ्यांना आठवतो. ती भर घालणारी षटकं कुणाला आठवत नाहीत.

याच्या अगदी उलट नशीब शेवटचं षटक टाकणाऱ्याचं. त्याचं सगळं सगळ्यांना दिसतं. मी बघितलेल्या आठ षटकांच्या एका सामन्यात पाहुण्या संघाला शेवटच्या तीन षटकांत 32 धावा हव्या होत्या आणि दोन जमलेले फलंदाज मैदानात होते. सहावं षटक आपल्या त्या कुठंही चालणाऱ्या गड्याने टाकलं. ग्लोव्हज काढून दुसऱ्याच्या हातात दिले, चार पावलांचा रनअप घेतला, चेंडू पायात ठेवला. चार धावा गेल्या. सातव्या षटकात आठ. शेवटच्या षटकात 20 राखायच्या होत्या. गावातल्या सगळ्यात जोरदार बॉलरने 14 दिल्या आणि सामना जिंकला. पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं, गुलाल उडाला.

गुरुजींच्या वहीवर मी हिशेब मांडून पाहिला. सहाव्या षटकात चारऐवजी बारा गेल्या असत्या तर शेवटच्या षटकात राखायला बाराच उरल्या असत्या, आणि याच 14 धावांत सामना हातचा गेला असता. गुरुजी हिशेबाकडे बघून म्हणाले, "पण लोक शेवटचं बघतात ना!"

हा घोळ एकट्या साखऱ्याचा नाही. अमेरिकेत बेसबॉलमध्ये शेवटच्या डावात आघाडी राखायला येणाऱ्या पिचरला, म्हणजे तिथल्या बॉलरला, क्लोजर म्हणतात आणि त्याच्या नावावर 'सेव्ह' जमा होतो. 1969 पासून हा अधिकृत आकडा आहे. गंमत अशी की शेवटच्या डावात तीन धावांची आघाडी राखली तरी एक सेव्ह आणि एकाच धावेची राखली तरी एकच. तीन धावांची आघाडी तर बऱ्याचदा साधा पिचरही राखतो. 2016 मध्ये बाल्टिमोरच्या झॅक ब्रिटनने 47 संधींपैकी 47 सेव्ह केले. मग टोरांटोविरुद्ध एका सामन्यावर हंगाम ठरणार होता. सामना बरोबरीत लांबत गेला, तरी आघाडी मिळेल तेव्हा उपयोगी पडेल म्हणून त्याला राखून ठेवलं. अकराव्या डावात दुसऱ्या पिचरला षटकारासारखा होम रन बसला आणि बाल्टिमोर बाहेर. हंगामातला सगळ्यात भरवशाचा पिचर त्या रात्री एकही चेंडू न टाकता घरी गेला.

या राखून ठेवण्याला उत्तर भारताच्या मुंबईकर कप्तानाने दिलं. 29 जून 2024, बार्बाडोस, ट्वेंटी-20 विश्वचषकाचा अंतिम सामना. अक्षर पटेलच्या पंधराव्या षटकात 24 धावा गेल्या आणि दक्षिण आफ्रिकेला 30 चेंडूंत 30 हव्या राहिल्या. रोहित शर्माने बुमराहला शेवटासाठी दडवून ठेवलं नाही. सोळावं षटक त्याला दिलं, चार धावा. अठरावं दिलं, दोन धावा आणि एक बळी. विसावं षटक हार्दिक पंड्याने टाकलं तेव्हा राखायला 16 धावा होत्या आणि बुमराहचा कोटा संपलेला होता. भारत सात धावांनी जिंकला. त्या शेवटच्या षटकात सूर्यकुमार यादवने सीमारेषेवर घेतलेला झेल घराघरांत पुन्हा पुन्हा पाहिला गेला. मला मात्र सोळावं षटक त्याहून मोठं वाटतं.

शेवटच्या षटकाला किंमतच नाही, असं कुणी समजू नये. 1993 च्या हिरो कप उपांत्य सामन्यात ईडन गार्डन्सवर दक्षिण आफ्रिकेला सहा धावा हव्या असताना सचिन तेंडुलकरने शेवटचं षटक टाकलं आणि भारताने दोन धावांनी सामना मारला. सामनाभरात त्याने टाकलेलं ते एकच षटक. राखायला सहा असताना टाकलेलं षटक आणि राखायला वीस असताना टाकलेलं षटक एकाच मापाने मोजता येत नाही, एवढंच माझं म्हणणं.

म्हणून गावोगावी वही घेऊन बसणाऱ्यांना एक विनंती आहे. प्रत्येक षटकासमोर दिलेल्या धावा लिहिताच, शेजारी आणखी एक रकाना पाडा आणि षटक सुरू होताना किती चेंडूंत किती हव्या होत्या, तेही लिहा. हंगाम संपल्यावर करंडक कुणाला द्यायचा, ते त्या रकान्यावरून ठरवा. साखऱ्यात यंदा तो माझ्या मते सहावं षटक टाकणाऱ्याचा आहे.