पोरगं अभ्यास करतं केव्हा?

वाशी तालुक्यातला कॉलेजचा मुलगा पहाटे धारा काढतो, दूध खव्याच्या भट्टीवर घालतो आणि धावतपळत एस.टी. गाठतो. संध्याकाळी परततो तो पुन्हा गोठ्यातच. “पोरगं पुस्तक हाती धरीत नाही” असे म्हणण्याआधी जरा हिशेब मांडू या.

आज पदवीचा अभ्यास श्रेयांकांनी मोजतात. २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात एका श्रेयांकामागे ३० तासांचे काम धरले आहे. व्याख्यानाच्या विषयात त्यांतले १५ तास वर्गात. उरलेले मुलाने आपले आपण करायचे. सहामाहीला साधारण २० श्रेयांक, म्हणजे ३०० तास घरचे! पंधरा आठवड्यांवर वाटले तर रोजचे जवळजवळ तीन. हे तीन तास घरात कोणी त्याच्या नावावर ठेवलेत का? मुलींचे तर विचारूच नका. मग सगळा भार परीक्षेआधीच्या आठ रात्रींवर.

त्या रात्री फुकट का जातात? एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने १८८५ साली स्वतःवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. एका दिवसात ६८ वेळा घोकून जे साधले, तेच तीन दिवसांवर वाटल्यावर ३८ वेळांत साधले. म्हणजे थोडे थोडे, पण रोज. एस.टी.त पुस्तक मिटून कालचे आठवून पाहिले, तरी तो अभ्यासच झाला. गुरुजींनी तासाच्या आरंभी मागच्या धड्यातले दोन प्रश्न विचारावेत. आणि घरच्यांनी परीक्षेच्या महिन्याची वाट न पाहता संध्याकाळची धार दुसऱ्या कुणाकडे द्यावी.