रंग गेला म्हणजे पाणी शुद्ध झालं का?

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी विचारलं होतं: कागद कारखान्याच्या चहासारख्या पाण्यात ओझोन सोडला की ते फिकं पडतं, मग नदीत सोडायला हरकत काय? आम्ही तत्त्वज्ञानाचे, रसायनशास्त्र मित्रांच्या पाया पडून शिकलो. पण 'नाहीसं होणं' म्हणजे काय, हा प्रश्न आमच्याही अंगणातला आहे.

तो रंग आधी कशाचा, ते पाहू. लाकूड असो, बांबू असो की उसाचं चिपाड, तंतूंना धरून ठेवणारं लिग्निन पांढऱ्या कागदासाठी काढावं लागतं. त्याचे तुकडे धुण्याच्या आणि ब्लीचिंगच्या पाण्यात उतरतात. हे रेणू मोठे आणि हट्टी. टाकीतल्या जिवाणूंना ते पचत नाहीत. म्हणून बीओडी, म्हणजे जिवाणूंना खाता येईल तेवढ्याचं माप, खाली येतं. पण सीओडी, म्हणजे रसायनानं ऑक्सिडाइझ होईल त्या जवळपास सगळ्याचं माप, बरंचसं तसंच राहतं. रंगही राहतो, आणि नदीत तो सूर्यप्रकाश अडवतो.

आता ओझोन. शोनबाइन यांनी 1840 मध्ये त्याला हे नाव दिलं. तो रेणूतले दुहेरी बंध तोडतो, आणि रंग बहुतांशी त्या बंधांतच असतो. म्हणून रंग सगळ्यात आधी जातो. पण कार्बन कुठं गेला? तो छोट्या सेंद्रिय आम्लांच्या रूपात तिथंच आहे! गंमत अशी, की ओझोननंतर बीओडी कधी कधी वाढतो. यंत्र बिघडलं असं वाटतं, पण बिघडलेलं काहीच नसतं. जे पचत नव्हतं ते पचण्याजोगं झालं, एवढंच. सांख्यांचा सत्कार्यवाद आम्हाला इथं आठवतो, अर्थात त्यांच्यासमोर असलं पाणी नव्हतं.

याहून जबर मारा हवा असेल तर हायड्रॉक्सिल रॅडिकल. ओझोनला हायड्रोजन पेरॉक्साइडची किंवा अतिनील किरणांची जोड दिली की ते तयार होतं. मात्र गडद पाण्यात किरण शिरणार कसे? फेंटन यांनी 1894 मध्ये दाखवलेली लोह आणि पेरॉक्साइडची वाट स्वस्त आहे, पण तिला पीएच तीनच्या आसपास लागतो, आणि मागं लोहाचा गाळ उरतो. शिवाय हे रॅडिकल निवड करत नाही. पाण्यातलं बायकार्बोनेटही त्याला गिळून टाकतं, म्हणजे आपला खर्च वाया.

खर्च लहान नाही. ऑक्सिजनपासून एक किलो ओझोन बनवायला साधारण दहा युनिट वीज जाते. जिवाणू फुकट करतील ते काम ओझोनकडून करून घेणं आम्हाला तरी उधळपट्टी वाटते. ऑस्ट्रियात लाकिर्खेनच्या कागद कारखान्यानं क्रम नीट लावला: आधी जैविक प्रक्रिया, मग उरलेल्या हट्टी भागाला ओझोन, आणि शेवटी पुन्हा जिवाणूंचा थर असलेली गाळणी. ओझोननं तोडायचं, जिवाणूंनी खायचं.

तेव्हा प्रकल्पावर कुणी दोन बाटल्या शेजारी ठेवून दाखवल्या, एक तपकिरी आणि एक नितळ, तर आपण विचारायचं: नितळ बाटलीचा सीओडी किती, बीओडी किती, आणि ओझोननंतर जिवाणूंचा टप्पा आहे का?