काच क्रीम पिते का?

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाला तीन आठवडे उरले असताना पुतणी माझ्याकडे आली. नववीतली मुलगी, हातात क्रीमच्या तीन ट्यूबा आणि प्रकल्पाचे नाव आधीच ठरलेले – ‘कोणते क्रीम त्वचेत सर्वांत जास्त जिरते?’ मी तीस वर्षे रसायनशास्त्र शिकवले, तेव्हा मोजायचे कसे ते काकांनीच सांगायचे!

‘‘आधी सांग, जिरलं हे तुला कळतं कसं?’’

तिने मनगटावर थोडे क्रीम चोळले. मिनिटभरात पांढरेपणा गेला. ‘‘हे बघा, जिरलं!’’

पहिली चूक माझीच. मी तिला चायना ग्रासची जेली करायला लावली आणि खाण्याचा लाल रंग कालवलेले क्रीम तिच्यावर पसरायला सांगितले. रंग छान खाली उतरला. पोरगी खूश, तिचे वडील तर फोटो काढायला धावले. रात्री अंथरुणावर पडल्यावर माझ्या लक्षात आले, की जेली म्हणजे जवळजवळ सगळे पाणीच. पाण्यात विरघळणारा रंग तिच्यात उतरणारच. कातडीचे तसे नाही. तिचा सर्वांत वरचा थर अंगावर बहुतेक ठिकाणी मिलिमीटरच्या शंभराव्या-पन्नासाव्या हिश्शाएवढाच जाड असतो. पण त्यात मृत पेशी विटांसारख्या रचलेल्या आणि मध्ये चुन्यासारखी चरबी भरलेली. पाणी थोपवणारी भिंतच ती.

सकाळी चूक कबूल केली. वडिलांचे म्हणणे, ‘‘फोटो चांगले आलेत, राहू दे की!’’ पुतणीचा चेहरा उतरला, पण तिने ते फोटो बाजूला ठेवले.

मग आम्ही सोनाराकडचा काटा दोन दिवसांपुरता मागून आणला. काचेच्या तुकड्यांचे वजन केले, एकावर २ ग्रॅम क्रीम पातळ पसरले, दुसऱ्यावर २ ग्रॅम पेट्रोलियम जेली. दुसऱ्या दिवशी जेली होती तेवढीच. क्रीम मात्र ०.६ ग्रॅम उरलेले, आणि त्याचा पांढरेपणा गायब.

‘‘मग काच क्रीम पिते का हो, काका?’’

या एका प्रश्नासाठी मी जेलीचा सगळा पसारा माफ केला. असल्या क्रीममध्ये बहुतांश पाणीच असते. ते हवेत उडते. पांढरा दिसतो तो तेलाच्या सूक्ष्म थेंबांवरून विखुरलेला प्रकाश. आपण ज्याला ‘जिरणे’ म्हणतो त्यातले बरेचसे वाळणेच असते.

खरेच आत जाणारे पदार्थ वेगळे. बॉस आणि मीनार्डी या संशोधकांनी २००० साली एक ढोबळ नियम मांडला : ५०० डाल्टनपेक्षा जड रेणू निरोगी त्वचेतून सहसा पार होत नाहीत. निकोटिन १६२ डाल्टनचे, म्हणून त्याची पट्टी दंडावर चिकटवून चालते. कोलॅजेन सुमारे तीन लाखांचे. डबीवर काहीही छापलेले असो.

तिसरी ट्यूब मी उशिरा वाचली. ती थोरल्या बहिणीची. मैत्रिणीच्या सांगण्यावरून दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेली, गोरे दिसण्यासाठी. लग्नाचे बघणे चालू होते ना! बारीक अक्षरांत बीटामेथासोन. हे स्टेरॉइड, ३९२ डाल्टनचे. हे मात्र आत जाते, आणि चेहऱ्यावर महिनोन्‌महिने लावले तर कातडी पातळ करते. वर्गातल्या पंधरा मुलींच्या हातांवर तिन्ही क्रीमे लावायचा पुतणीचा बेत होता. तो मी तिथेच थांबवला.

प्रदर्शनात परीक्षकांनी विचारले, ‘‘त्वचेत किती जिरलं, तो आकडा कुठे आहे?’’

‘‘तो माझ्याकडच्या साधनांनी मोजता येत नाही,’’ ती म्हणाली.

बक्षीस मिळाले नाही. दुसऱ्या दिवशी दोघी बहिणी ती ट्यूब घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे गेल्या. सोनाराचा काटा परत करायचे काम अर्थातच माझ्याकडे आले.