थेम्सकाठची वाडी : इंगलशॅम

इंग्लंडमधील विल्टशायर काउंटीच्या ईशान्य टोकाला, थेम्स नदीच्या काठी इंगलशॅम ही छोटीशी वाडी आहे. एक चर्च, मोजकी जुनी घरे, शेती आणि भोवतीची कुरणे एवढाच तिचा पसारा. इंग्लंडमध्ये जुना संकेत असा की चर्च असेल तर ते गाव, नसेल तर ती वाडी. इंगलशॅमच्या वाडीला मात्र तेराव्या शतकातले चर्च आहे, कारण मध्ययुगात येथे नांदते गाव होते. पुढे ते उठले. आपल्या महसुली दफ्तरांत अशा गावाला ‘बेचिराग’ म्हणतात, म्हणजे जिथे दिवा लागत नाही असे. इंगलशॅमचा दिवा पुरता विझला नाही, पण माणसे इतकी थोडी उरली की चर्च मोठे करायला किंवा नव्या धाटणीने सजवायला कोणी आले नाही. या वाडीचे आजचे मोल त्यातूनच आले आहे.

इंगलशॅमला पायी जावे. लंडनहून रेल्वेने स्विंडन आणि तेथून रस्त्याने लेचलेड हे छोटे शहर गाठता येते. लेचलेडचा दगडी पूल 1792 चा. पायी जाणाऱ्याला अर्धा पेनी जकात पडे, म्हणून त्याचे नाव हाफपेनी ब्रिज, आणि जकातनाक्याचे ठेंगणे घर अजून पुलाला चिकटून उभे आहे. पूल ओलांडला की दक्षिण काठाने, प्रवाहाच्या उलट दिशेने पायवाट निघते. उगमापासून लंडनपर्यंत थेम्सच्या सोबतीने जाणाऱ्या ‘थेम्स पाथ’ या राष्ट्रीय पदमार्गाचाच हा तुकडा आहे. वाट सपाट कुरणातून जाते, काठाला विलोची झाडे असतात. वीसेक मिनिटांत वाडी येते.

वाडीच्या अलीकडे पलीकडच्या काठावर झाडांआड एक गोल दगडी घर दिसते. उत्तरेकडच्या कॉट्सवोल्ड टेकड्यांतून आलेली कोल्न नदी येथेच थेम्सला मिळते, आणि थेम्स व सेव्हर्न या नद्यांना जोडणारा कालवाही 1789 मध्ये याच जागी थेम्सला येऊन मिळाला. कालव्यावर देखरेख करणाऱ्या कामगारांसाठी अशी पाच गोल घरे बांधली होती. हे त्यांतले एक. पश्चिमेकडचा माल भरलेल्या होड्या येथे कालव्यातून नदीत उतरत. रेल्वे आल्यावर ही वाहतूक आटली आणि 1927 मध्ये कालव्याचा हा भाग सोडून देण्यात आला. गोल घर खासगी मालकीचे असल्याने ते अलीकडच्या काठावरूनच पाहायचे.

वाडीत पाहण्यासारखे म्हणजे सेंट जॉन द बॅप्टिस्टचे चर्च, आणि त्याला घाईने पाहून चालत नाही. बाहेरून ते अगदी साधे आहे. उंच मनोरा नाही, पश्चिमेच्या भिंतीवर घंटांची लहानशी कमान तेवढी आहे. आत दक्षिणेच्या भिंतीत मेरी आणि बाळ येशूचे दगडी शिल्प बसवले आहे. ते चर्चच्या बहुतेक बांधकामापेक्षा जुने, अँग्लो-सॅक्सन काळातले आहे. मेरी मान झुकवून बाळाकडे पाहते आहे आणि वरून ईश्वराचा हात बाळाकडे निर्देश करतो आहे. नाकडोळे झिजले असले तरी त्या झुकण्यातली माया स्पष्ट कळते. हे शिल्प एके काळी बाहेरच्या भिंतीत होते, तेव्हा कोणीतरी त्यावर सूर्यघड्याळाच्या रेघा कोरल्या. त्या अजून दिसतात.

भिंती तर थरांचीच बखर आहेत. मध्ययुगात त्यांवर चित्रे होती. सोळाव्या शतकात धर्मसुधारणेच्या लाटेत चित्रे निषिद्ध ठरली, तेव्हा त्यांवर चुना फासून बायबलमधील वचने लिहिली गेली. पुढच्या पिढ्यांनी पुन्हा चुना दिला, पुन्हा लिहिले. काही जागी असे सातपर्यंत थर आहेत. आज पोपडे निघतात तिथे एका शतकाच्या अक्षरांतून दुसऱ्याचा लाल रंग डोकावतो. खाली सतराव्या-अठराव्या शतकांतले, दार असलेले खोक्यासारखे बाक आहेत. थंड वाऱ्यापासून आडोसा मिळावा म्हणून कुटुंबे त्यांत बसत.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील शेकडो चर्चचा ‘जीर्णोद्धार’ झाला. गिलावा खरवडून दगड उघडे केले गेले, जुने बाक काढले गेले. या सपाट्याविरुद्ध कवी आणि कारागीर विल्यम मॉरिस यांनी 1877 मध्ये प्राचीन वास्तूंच्या संरक्षणासाठी संस्था काढली. गिलावा खरवडण्याला विरोध म्हणून तिला ‘अँटी-स्क्रेप’ हे टोपणनाव पडले. वास्तूची रोजची निगा राखावी, गळते ते बुजवावे, पण काळाने घातलेली भर पुसू नये, हे तिचे सूत्र. मॉरिस 1871 पासून जवळच्या केल्मस्कॉट येथे भाड्याच्या घरात राहत. इंगलशॅमच्या चर्चवर त्यांचा जीव होता. 1888-89 मध्ये त्यांच्या खटपटीने आणि मदतीने त्याची दुरुस्ती झाली, ती याच सूत्राने. चर्चमधील पाटीवर ती नोंद आहे. आता हे चर्च वापरातून गेलेल्या चर्चची देखभाल करणाऱ्या राष्ट्रीय न्यासाकडे आहे.

वाडीत दुकान किंवा खाणावळ नाही, त्यामुळे पाणी आणि शिदोरी लेचलेडहून घ्यावी. हिवाळ्यात पाऊस लांबला की थेम्स कुरणांत पसरते आणि पायवाट बुडते. अशा वेळी लेचलेडहून हायवर्थ गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावरून फुटणाऱ्या गल्लीने चर्चपर्यंत जावे लागते.