‘गोडाऊन’ इंग्रजी शब्द वाटतो? त्याचं मूळ इंडोनेशियाच्या ‘गुडांग’कडे, आणि तिथून पुन्हा भारताकडे!

वाशीच्या एपीएमसी मार्केटमध्ये ‘माल गोडाऊनला टाक’ हे वाक्य दिवसातून शंभरदा कानावर पडतं. गोडाऊन म्हणजे इंग्रजी शब्द, असं आपण धरूनच चालतो. माल खाली तळघरात जातो म्हणून ‘गो डाऊन’, अशी फोडही ठामपणे सांगितली जाते. इंजिनीअरिंगला असताना मीही ती सांगायचो. ती चुकीची आहे. ईस्ट इंडिया कंपनी १६०० मध्ये स्थापन झाली. हा शब्द त्याआधीच्या पोर्तुगीज लिखाणात सापडतो.

इंडोनेशियात ‘गुडांग’ हा रोजच्या वापरातला शब्द. घरातली अडगळीची खोली गुडांग आणि कारखान्याचं वेअरहाऊसही गुडांग. ज्ञानाचं भांडार म्हणजे ‘गुडांग इल्मू’. १९५८ साली पूर्व जावातल्या केदिरी शहरात सुरू झालेल्या एका बड्या सिगारेट कंपनीचं नाव आहे ‘गुडांग गरम’. यातलं ‘गरम’ म्हणजे मीठ बरं का! थोडक्यात, मिठाचं गोदाम.

हा शब्द आपल्याकडे आला कसा?

पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतलं, पुढच्याच वर्षी मलाक्का. लवंग-जायफळाच्या व्यापाराची ती मोठी पेठ आणि तिथली व्यवहाराची भाषा मलय. आजची इंडोनेशियन भाषा याच मलयमधून घडली. पोर्तुगीजांनी ‘गुडांग’चं ‘गुदांव’ केलं, इंग्रजांनी ‘गोडाऊन’. मराठीतलं ‘गुदाम’ पोर्तुगीजांमार्फत आलं असं मानलं जातं. बटाटा, चावी आणि पगार हे शब्दही त्यांचेच.

मलय लोकांना तरी हा शब्द कुठून मिळाला? बहुधा भारतातूनच. तमिळमध्ये ‘किडंगु’ आणि तेलुगूत ‘गिडंगि’ म्हणजे माल ठेवायची जागा. १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या गाजलेल्या कोशात या शब्दांची नोंद आहे, आणि शब्द पूर्वेकडून भारतात आला असला, तरी मुळात तो दक्षिण भारतातलाच, असा त्या कोशाचा कल.  मलाक्कात तमिळ व्यापाऱ्यांची वस्ती होतीच, त्यामुळे मला तरी हेच जास्त पटतं.

या द्रविड शब्दांमागचा धातू ‘पडून राहणं’ या अर्थाचा आहे. भाव उतरला की मसाला मार्केटमधला व्यापारी हात झटकत म्हणतो, ‘काय सांगू, माल गोडाऊनला पडून आहे.’