नुसत्या मजकुराच्या पुस्तकाला डिझाइन कशाला?

‘आत चित्रं नाहीत, मग डिझाइन ते काय करायचं? मुखपृष्ठ तेवढं चांगलं करून घ्या.’ कादंबऱ्या आणि वैचारिक पुस्तकांबद्दल हे वाक्य इतक्या वेळा कानावर येतं, की आता ते निमूट ऐकून घेणं जड जातं. मुखपृष्ठ वाचक काही क्षण पाहतो; आतल्या पानांवर त्याची नजर तासन्‌तास फिरते. तिथे अक्षरांखेरीज असते ती जागा: दोन शब्दांमधली, दोन ओळींमधली, चार बाजूंच्या समासांतली. ती कुणी विचारपूर्वक ठरवली नाही, तर सॉफ्टवेअर आपल्या ठरीव मापांनी ठरवून टाकतं, आणि ती मापं बहुधा रोमन लिपीच्या हिशेबाची असतात.

देवनागरीत याचे परिणाम लगेच दिसतात. ‘मूर्ती’ हा साधा शब्द घ्या. वेलांटी आणि रफार शिरोरेषेच्या वर जागा मागतात, ऊकार खाली. ओळी फार जवळ आल्या की वरच्या ओळीतले उकार खालच्या ओळीच्या मात्रांना भिडतात. त्यात ओळ लांब असेल, तर परत फिरणाऱ्या नजरेला पुढच्या ओळीची सुरुवात सापडत नाही आणि तीच ओळ पुन्हा वाचली जाते. टायपोग्राफर रॉबर्ट ब्रिंगहर्स्ट यांनी रोमन लिपीसाठी ओळीत ४५ ते ७५ चिन्हं समाधानकारक मानली आहेत. जोडाक्षरं आणि मात्रांमुळे हा आकडा मराठीला जसाच्या तसा लावता येत नाही, पण ओळीच्या लांबीला मर्यादा हवी हे तत्त्व लागू पडतंच. शिवाय मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटतात. ‘विद्यार्थ्यांपैकी’, ‘ग्रंथालयांमधल्या’ असे लांब शब्द न तोडता दोन्ही कडा सरळ ठेवण्याचा हट्ट धरला, की आधीच्या ओळीत शब्दांमध्ये भगदाडं पडतात. शब्द योग्य अक्षरापाशी तोडणं किंवा उजवी कड मोकळी सोडणं, यांपैकी एक निर्णय घ्यावाच लागतो.

‘वाचकाला हे कुठे कळतं?’ कळत नाही, हे खरं. चांगल्या मांडणीने वाचनाचा वेग वाढतो, असा दावाही मी करणार नाही. पण केविन लार्सन आणि रोझलिंड पिकार्ड या संशोधकांनी २००५मध्ये मांडलेले प्रयोग इथे महत्त्वाचे आहेत. चांगल्या मांडणीतला मजकूर वाचणाऱ्यांना, वाचनात गेलेला वेळ प्रत्यक्षापेक्षा बराच कमी वाटला. प्रयोग छोटे होते, तरी मजकुरात गुंगून जाण्याचा मांडणीशी संबंध असल्याचं ते सुचवतात. कादंबरीकाराला याहून वेगळं काय हवं असतं?

‘मोकळ्या जागेने कागद वाया जातो’ हा आक्षेप हिशेबाने तपासावा. २२४ पानांच्या पुस्तकात पानावर ३२ ओळींऐवजी ३० घेतल्या, तर पानं २४० होतात, म्हणजे १६ पानांचा एकच फॉर्म वाढतो. स्वस्त पुस्तक गचाळच असणार, हेही खोटं. पेंग्विनची पुस्तकं स्वस्तच होती. १९४७ ते १९४९ या काळात टायपोग्राफर यान चिकोल्ड यांनी तिथे अक्षरजुळणीचे मोजक्या पानांचे नियम घालून दिले आणि ते पाळले जातील हे कटाक्षाने पाहिलं. हे सगळे परदेशी चोचले आहेत, असं म्हणणाऱ्यांनी आपलाच इतिहास पाहावा. जावजी दादाजींनी १८६९मध्ये मुंबईत सुरू केलेल्या निर्णयसागर छापखान्याचे देवनागरी खिळे देशभर नावाजले गेले, आणि बापूराव नाईक यांचा देवनागरी मुद्राक्षरांवरचा ग्रंथ १९७१मध्ये राज्याच्या भाषा संचालनालयानेच प्रकाशित केला.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. टाइप मोठा केला की वाचनीयता वाढतेच असं नाही. ओळींमधलं अंतर तेवढंच ठेवलं तर ती घटते. आतला आणि बाहेरचा समास सारखा ठेवणं दिसायला नीटनेटकं, पण गोंदाने चिकटवलेली बांधणी सपाट उघडत नाही आणि ओळींची टोकं कण्यात बुडतात. फार पांढरा, पातळ कागद ‘स्वच्छ’ वाटतो, पण मागच्या पानाची छपाई त्यातून दिसते. जोर देण्यासाठी सॉफ्टवेअरने तिरकी केलेली देवनागरी अक्षरं टाळावीत. त्यांचे उभे दंड कलतात आणि वळणं बिघडतात. आणि ई-पुस्तकात टाइपचा आकार वाचक ठरवत असला, तरी परिच्छेदांची रचना, शीर्षकांचे स्तर आणि तळटिपांचे दुवे कुणीतरी आधीच नीट लावून ठेवावे लागतात.